इंटरप्ट ‘बंद’ म्हणजे नक्की काय बंद? परत परत येणारा हँग आणि अपुरी कमेंट

लक्षण असं: बोर्ड चार-पाच दिवस सुरळीत चालतो आणि एखाद्या रात्री एक कोअर (प्रोसेसरचा एक गाभा) गप्प होतो. सिरियल कन्सोलवर काही उमटत नाही, शेवटी वॉचडॉग (यंत्र अडकलं तर ते पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेट करतो, आणि सकाळी लॉग उघडला की शेवटच्या ओळीत काहीच वावगं दिसत नाही. कोणीतरी दोन-तीन दिवस खपून कारण शोधतं, पॅच जातो, चाचणी पास होते. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तेच.

आमच्या टीममध्ये हा बिघाड तीन वेळा ‘दुरुस्त’ झाला. तीन वेगळ्या माणसांनी, तीन वेगळ्या फाइल्समध्ये. तिसऱ्या वेळी मी तिन्ही पॅच शेजारी शेजारी उघडून बसले, तेव्हा दिसलं की तिन्हींमध्ये एकाच फंक्शनला बोलावण्याची जागा हलवली होती. ते फंक्शन मात्र जसंच्या तसं होतं, आणि त्याच्या डोक्यावरची कमेंटही. चूक खरं तर त्या कमेंटमध्ये होती. लिनक्स कर्नलवर ड्रायव्हर लिहिणाऱ्या कोणालाही हे भोगावं लागू शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. फंक्शनची नावं देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचलीत तर मूळ नाव लगेच लक्षात येईल.

इंटरप्ट म्हणजे चालू काम सोडून आपल्याकडे बघायला लावणारा, उपकरणाने प्रोसेसरला दिलेला संकेत. तो आला की जो कोड चालतो तो हँडलर. आमचं फंक्शन एडीसीचा (अॅनालॉग सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या उपकरणाचा) फिफो, म्हणजे वाचायच्या राहिलेल्या नमुन्यांची रांग, रिकामा करायचं. ते छोटं होतं:

एडीसी_फिफो_फ्लश()
  लोकल_आयआरक्यू_डिसेबल();
  … रजिस्टर वाचत फिफो रिकामा करणे …
  लोकल_आयआरक्यू_एनेबल();

वरची कमेंट: ‘इंटरप्ट बंद करून फिफो रिकामा करते.’ यात खोटं काही नाही. पण शेवटी हे फंक्शन इंटरप्ट चालू करतं, आणि आधी ते चालू होते की बंद याची चौकशी न करता करतं, हे त्या ओळीत कुठेच नाही. ज्याने ते लिहिलं त्याचा कॉलर (हे फंक्शन बोलावणारा कोड) इंटरप्ट चालू असतानाच येत होता, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. पुढे दुसऱ्या कोणीतरी स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह() घेतलं, म्हणजे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरलं आणि इंटरप्टही बंद केले, आणि आत जाऊन हे फंक्शन बोलावलं. परत आला तेव्हा लॉक हातात आहे, पण इंटरप्ट चालू झालेले आहेत. नेमक्या त्या काही मायक्रोसेकंदांत त्याच कोअरवर त्याच उपकरणाचा इंटरप्ट आला, तर हँडलर तेच लॉक मागतो. लॉक ज्याच्याकडे आहे तो कोड हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही, आणि हँडलर लॉक मिळाल्याशिवाय संपू शकत नाही. कोअर तिथेच फिरत राहतो. त्या कोअरवर काहीच चालत नाही म्हणून लॉगमध्येही काही येत नाही.

खिडकी इतकी लहान असल्यामुळे बिघाड दिवसांनी येतो, आणि दिवसांनी येतो म्हणूनच माणूस कॉलर हलवून ‘झालं’ असं समजतो.

ही वाट न पाहता तपासता येतं. चाचणीच्या कर्नलमध्ये दोन पर्याय चालू करा: कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग आणि कॉन्फिग_डीबग_आयआरक्यूफ्लॅग्ज. पहिल्यामुळे लॉकडेप जागा होतो. इंगो मोल्नार आणि अर्यान व्हॅन डी व्हेन यांनी लिहिलेला हा तपासनीस २००६ मध्ये, २.६.१८ आवृत्तीत, कर्नलमध्ये आला. प्रत्यक्ष अडकण्याची तो वाट पाहत नाही. एखादं लॉक हँडलरमध्ये घेतलं जातं हे एकदा दिसलं, आणि तेच लॉक धरलेलं असताना इंटरप्ट चालू झालेले दुसऱ्यांदा दिसले, की तो ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’ अशी ओरड करतो आणि त्याखाली दोन्ही वाटांचा माग छापतो. या दोन घटना वेगवेगळ्या दिवशी घडल्या तरी चालतं, फक्त मधे रीबूट नको. दुसरा पर्याय आमच्या बिघाडासाठी आणखी थेट निघाला. कॉलर शेवटी जुनी स्थिती परत ठेवायला जातो आणि इंटरप्ट आधीच चालू सापडतात, तेव्हा ‘रॉ_लोकल_आयआरक्यू_रिस्टोअर() कॉल्ड विथ आयआरक्यूज एनेबल्ड’ असा इशारा येतो. पहिल्याच कॉलला. चार दिवस बोर्ड तापवत ठेवायची गरज उरत नाही.

इथवर कारण सापडलं. पण हा बिघाड तीनदा का आला, याचं उत्तर वेगळं आहे. ‘इंटरप्ट बंद करते’ हे वाक्य वाचून तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी समजून घेतल्या होत्या. एकाला वाटलं होतं की फक्त आपल्या एडीसीची लाइन (तिचे इंटरप्ट ज्या वाटेने येतात ती) बंद होते. दुसऱ्याच्या मते सगळ्या कोअरवरचे इंटरप्ट बंद होत होते. तिसऱ्याला खरा अर्थ माहीत होता, पण शेवटी जुनी स्थिती परत ठेवली जात असेल असं त्याने गृहीत धरलं. तिघेही कसलेले लोक आहेत, दोष वाक्याचाच.

लोकल_आयआरक्यू_डिसेबल() फक्त या कोअरला सांगतं की इंटरप्ट घेऊ नकोस. एक्स८६ वर ही सीएलआय सूचना आहे. फ्लॅग्ज रजिस्टरमधला ९ क्रमांकाचा बिट, आयएफ, शून्य होतो. शेजारच्या कोअरवर तोच हँडलर खुशाल चालू शकतो, म्हणजे कोअरांमध्ये वाटून वापरलेल्या डेटाचं रक्षण एकट्या या फंक्शनने होत नाही. एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) तर त्यालाही जुमानत नाही. आपल्याकडे कॉलेजात ८०८५ च्या किटवर डीआय-ईआय आणि ८०८६ वर सीएलआय-एसटीआय शिकून आलेल्यांच्या मनात एकच प्रोसेसर असतो. तिथे इंटरप्ट बंद केले की सगळं जग थांबतं. ती समजूत त्या किटपुरती बरोबरच होती, आणि खुद्द लिनक्समध्येही ती बराच काळ होती: जुनं सीएलआय() हे फंक्शन अनेक प्रोसेसरांच्या यंत्रावर सगळ्यांचेच इंटरप्ट थांबवायचं. २.५.२८ आवृत्तीत, २००२ साली, ते अशा यंत्रांसाठी काढून टाकलं गेलं आणि लोकांना आपापली लॉक लिहावी लागली. त्याआधीची एखादी टिपण किंवा कमेंट वाचून कोणी शिकलं असेल, तर ‘इंटरप्ट बंद’चा अर्थ त्याच्या डोक्यात आजही तोच असतो.

डिसेबल_आयआरक्यू() ही दुसरीच गोष्ट. ते एक लाइन बंद करतं, पण सगळ्या कोअरांसाठी. लाइन सामायिक असेल तर तिच्यावरच्या इतर उपकरणांचेही इंटरप्ट थांबतात, आणि त्यांच्या ड्रायव्हरला याची खबर नसते. शिवाय ते थांबून राहतं: चालू असलेला हँडलर संपेपर्यंत परत येत नाही, थ्रेडेड (स्वतंत्र थ्रेडमध्ये चालणारा) हँडलर असेल तर झोपूही शकतं, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या कामाला देऊन थांबू शकतं. म्हणून ते त्याच लाइनच्या हँडलरमधून बोलावलं, तर हँडलर स्वतःच्याच संपण्याची वाट बघत बसतो. तिथे डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक() हवं, जे थांबत नाही. पण मग परत आल्यावर दुसऱ्या कोअरवर हँडलर अजून चालू असू शकतो, आणि नेमकं हेच वाक्य कमेंटमध्ये राहून जातं.

याखेरीज लोकल_बीएच_डिसेबल() आहे, जे सॉफ्टआयआरक्यू (हँडलरने नंतर करायला ठेवलेली कामं) थोपवतं आणि हार्डवेअर इंटरप्टला हातही लावत नाही. आणि उपकरणाचं स्वतःचं मास्क रजिस्टर आहे, ज्यात एक शून्य लिहिलं की उपकरणच गप्प बसतं. ड्रायव्हरमधल्या ‘डिसेबल_इंटरप्ट्स’ नावाच्या घरगुती फंक्शनमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. चार यंत्रणांना आपण चार वेगळी नावं द्यायला हवीत. माझ्या रिव्ह्यूमध्ये आता ‘इंटरप्ट बंद’ हे शब्द एकटे दिसले की मी तिथेच थांबून विचारते: कोअरचे, लाइनचे, सॉफ्टआयआरक्यू, की उपकरणाचे?

इथे एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. कर्नलचा जवळजवळ प्रत्येक इशारा म्हणजे कमेंटमध्ये न लिहिलेलं एक वाक्य असतं. ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ आलं, म्हणजे ‘हे झोपू शकतं’ असं कुठेतरी लिहायचं राहिलं. त्या संदेशाच्या पुढच्या ओळीत आयआरक्यूज_डिसेबल्ड(): १ दिसलं, तर इंटरप्ट बंद असताना झोपायला निघालेलं फंक्शन कोणतं, ते खालच्या मागात सापडतं. ‘अनबॅलन्स्ड एनेबल फॉर आयआरक्यू’ आलं, म्हणजे डिसेबल_आयआरक्यू() मोजून ठेवतं आणि तीनदा बंद केलं तर तीनदाच चालू करावं लागतं, हे कोणाला तरी माहीत नव्हतं, किंवा चालू करण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेलं नव्हतं. आमच्याकडे हे सस्पेंड-रिझ्युममध्ये व्हायचं. सस्पेंडच्या एका एरर वाटेने लाइन बंद न करताच बाहेर पडता येत होतं, आणि रिझ्युम मात्र ती न चुकता चालू करायचा.

‘नोबडी केअर्ड’ हा इशारा थोडा वेगळा. त्यात लाइन कर्नलनेच बंद केलेली असते: १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कोणत्याच हँडलरने आपले म्हटले नाहीत, तर तो हात टेकतो. तिथे कोणाच्या डिसेबलचा शोध घेऊ नका, हँडलर परत काय देतो ते बघा.

आता दुरुस्ती. पहिली उर्मी असते ती सगळीकडे सेव्ह-रिस्टोअर जोडी टाकण्याची: लोकल_आयआरक्यू_सेव्ह() जुनी स्थिती जपून ठेवतं आणि रिस्टोअर तीच परत आणतं, मग कोणीही कुठूनही बोलावा. आमच्या बिघाडापुरतं ते चाललं असतं. पण मला ते पटत नाही. ज्या फंक्शनला फक्त लॉक धरूनच बोलावलं जातं, त्यात आणखी एकदा सेव्ह-रिस्टोअर घातलं की वाचणाऱ्याला वाटतं, लॉकशिवायही चालत असेल. अज्ञान झाकलं जातं आणि पुढचा बिघाड त्याच जागेवर उगवतो. मी फंक्शनचे दोन भाग केले: एक बाहेरचं, जे स्वतः लॉक घेतं आणि सोडतं, दुसरं ‘_लॉक्ड’ शेपटीचं, जे लॉक घेतलेलं असल्याचं गृहीत धरतं आणि इंटरप्टला अजिबात हात लावत नाही.

फ्लॅग्जबद्दल, म्हणजे सेव्ह जुनी स्थिती ज्या चलात ठेवतं त्याबद्दल, एक सावधगिरी. हे चल अनसाइन्ड लाँगच असलं पाहिजे. सेव्ह हा मॅक्रो आहे, म्हणून पत्ता न देताही त्यात किंमत येते. आत-बाहेर दोन लॉक असतील तर एकच चल दोन्हींना वापरू नका. आतल्या सेव्हने बाहेरची स्थिती पुसली जाते आणि सगळं सुटल्यावरही इंटरप्ट बंदच राहतात. त्या किमतीत काय आहे याचा अर्थ कमेंटमध्ये लावायच्या भानगडीतही पडू नका. एक्स८६ वर त्यात आयएफ बिट असतो. आर्म६४ वर साधारणपणे डीएआयएफ (इंटरप्ट रोखणारे बिट) असतं, पण स्यूडो-एनएमआय चालू असेल तर इंटरप्ट कंट्रोलरचा प्रायॉरिटी मास्क. विचारायचंच असेल तर आयआरक्यूज_डिसेबल्ड_फ्लॅग्ज() आहे.

कमेंट लिहिताना कर्नल-डॉकची (कमेंटमधून दस्तऐवज तयार करणारी कर्नलची) पद्धत वापरा: सुरुवात /** ने, पहिल्या ओळीत नाव आणि एका वाक्यात काम, मग @ लावून एकेक पॅरामीटर, मग मजकूर, मग ‘कॉन्टेक्स्ट:’ आणि ‘रिटर्न:’. यातला कॉन्टेक्स्ट हा विभाग सर्वात जास्त वेळा रिकामा सोडला जातो, आणि इंटरप्टशी खेळणाऱ्या फंक्शनमध्ये सगळा जीव तिथेच असतो. कुठून बोलावता येतं, झोपतं का, कोणतं लॉक घेतं किंवा अपेक्षितं, आत येताना कोअरच्या इंटरप्टची स्थिती काय हवी, आणि बाहेर पडताना ती काय असेल. शेवटची गोष्ट लिहिलेली असती, तर आमचा एकही पॅच लागला नसता.

मी ते लिहिलं. ‘या कोअरवरचे इंटरप्ट बंद असले पाहिजेत’ असं कॉन्टेक्स्टमध्ये टाकलं, आणि शब्दाला जामीन म्हणून फंक्शनच्या पहिल्या ओळीत लॉकडेप_असर्ट_आयआरक्यूज_डिसेबल्ड() हा असर्ट (अट खरी आहे का ते तपासणारी ओळ) घातला. लॉकडेप नसलेल्या कर्नलमध्ये या ओळीचा काही खर्च नाही. असलेल्यात ती प्रत्येक कॉलला खरं-खोटं करते. साध्या बिल्डवर सगळं शांत. मग प्रीएम्प्ट_आरटी (रिअल-टाइम कामासाठीच्या) बिल्डवर चालवलं आणि पहिल्याच मिनिटाला तोच असर्ट ओरडला.

तो बरोबर होता आणि माझी कमेंट चुकीची. प्रीएम्प्ट_आरटी नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये चालू करता येतं. त्यात साधं स्पिनलॉक झोपू शकणारं लॉक बनतं आणि स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह() कोअरचे इंटरप्ट प्रत्यक्षात बंद करतच नाही. करायची गरजही नसते, कारण हँडलर थ्रेडमध्ये चालतो. त्याला लॉक मिळालं नाही तर तो झोपतो आणि लॉक धरणारा पुढे जातो. याच कारणाने तिथे आधी लोकल_आयआरक्यू_डिसेबल() करून मग स्पिन_लॉक() घेणं ही चूक ठरते: इंटरप्ट बंद, आणि घेतोय ते लॉक झोपणारं. साध्या कर्नलवर हीच जोडी बिनतक्रार चालते, म्हणून जुन्या ड्रायव्हरांत ती भरपूर सापडते.

म्हणजे मी यंत्रणा लिहून ठेवली होती, हेतू लिहायचा राहिला होता. मला इंटरप्ट बंद असण्याशी देणंघेणं नव्हतं. फिफो आणि नमुन्यांची मोजदाद यांना आपण हात लावत असताना हँडलरने हात लावू नये, एवढंच हवं होतं. ते काम लॉक करतं, दोन्ही प्रकारच्या कर्नलवर. असर्ट बदलून लॉकडेप_असर्ट_हेल्ड() केला आणि कमेंट अशी झाली. कर्नलच्या सोर्समध्ये ती अर्थातच इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

/**
 * एडीसी_फिफो_फ्लश_लॉक्ड() - फिफोत उरलेले नमुने वाचून टाकते
 * @एडीसी: ज्याचा फिफो रिकामा करायचा ते उपकरण
 *
 * फिफो आणि नमुन्यांची मोजदाद हँडलरही बदलतो. दोघांनी एकाच
 * वेळी बदल करू नये म्हणून @एडीसी चं लॉक.
 *
 * कॉन्टेक्स्ट: कॉलरने @एडीसी चं लॉक घेतलेलं हवं. प्रोसेस
 * कॉन्टेक्स्टमधून ते आयआरक्यूसेव्ह रूपानेच घ्यावं, कारण तेच लॉक
 * हँडलरमध्ये घेतलं जातं. इंटरप्टची स्थिती हे फंक्शन बदलत नाही.
 * झोपत नाही.
 * रिटर्न: वाचून टाकलेल्या नमुन्यांची संख्या.
 */

‘कारण’ या शब्दाकडे लक्ष द्या. कारण लिहिलेलं असलं, की उद्या हँडलर बदलून ते लॉक त्यात उरलं नाही, तर कमेंट शिळी झाली हे वाचणाऱ्याला स्वतःहून कळतं.

झोपू शकणाऱ्या फंक्शनला हाच न्याय लावा: कॉन्टेक्स्टमध्ये तसं लिहा आणि पहिल्या ओळीत माइट_स्लीप() घाला. ज्या फांदीत खरंच झोप लागते ती क्वचित चालत असली, तरी चुकीचा कॉलर पहिल्या दिवशी पकडला जातो.

साधनांचा उपयोग करा, पण त्यांची हद्द ओळखून. मेक डब्ल्यू=१ ने बिल्ड केलं की कर्नल-डॉकच्या चुका दिसतात: पॅरामीटरचं वर्णन राहिलं, नाव बदललं पण कमेंटमध्ये जुनंच आहे, किंवा /** ने सुरू झालेली कमेंट मुळात कर्नल-डॉकच नाही. पण कॉन्टेक्स्ट लिहिला की नाही, लिहिलेला खरा आहे की नाही, हे ते बघत नाही. ते काम असर्टचं आणि रिव्ह्यू करणाऱ्याचं.

जुन्या कोडसाठी मी गिट ग्रेपने लोकल_आयआरक्यू_एनेबल आणि स्पिन_अनलॉक_आयआरक्यू या दोन्ही विना-चौकशी चालू करणाऱ्या नावांची यादी काढली, आणि प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारला: इथे येताना इंटरप्ट चालू होते हे कशावरून? उत्तर त्याच फंक्शनमध्ये दिसलं तर पुढे. कॉलरांकडे जावं लागलं तर कमेंट आणि असर्ट. आमच्या ड्रायव्हरमध्ये अशा अकरा जागा निघाल्या. दोन खरोखर चुकीच्या होत्या, उरलेल्या नऊ बरोबर असूनही कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हत्या.

सस्पेंड-रिझ्युमचं कोडं मात्र असर्टने सुटलं नाही. तिथे लाइन बंद करणारं फंक्शन एका फाइलमध्ये आहे आणि चालू करणारं दुसऱ्या. सस्पेंडची एरर वाट दुरुस्त केली, आणि दोन्ही फंक्शनच्या कमेंटमध्ये एकमेकांचं नाव लिहिलं: ‘ही लाइन अमुक फंक्शन चालू करतं’, ‘ही लाइन अमुक ठिकाणी बंद झालेली असते’. नाव कर्नल-डॉकमध्ये कंसांच्या जोडीसह लिहिलं, की तयार झालेल्या दस्तऐवजात ते दुवा बनतं. त्या दुव्यावरून परवा टीममधल्या एका नव्या मुलाने आम्हाला न दिसलेली तिसरी वाट शोधली: प्रोब (उपकरण सापडल्यावर ड्रायव्हर करतो ती सुरुवातीची तयारी) अर्धवट फसला, तर लाइन बंद राहूनच उपकरण सोडलं जात होतं. त्याचा पॅच सध्या रिव्ह्यूमध्ये आहे.